कॉलनीला नाचवणारे बन्सी मास्तर

बन्सी मास्तर नाचायच्या आधी केस विंचरत आणि नाचून झाल्यावर पुन्हा विंचरत. मधल्या वेळात भांग मोडेल अशी एकही उडी ते मारत नसत. तरी त्यांच्यासारखा नाचणारा माणूस आम्ही तोवर पाहिला नव्हता. खरं तर नाचणारा माणूसच पाहिला नव्हता.

आमची क्रांती चौकाजवळची कॉलनी प्राध्यापकांची आणि बँकवाल्यांची. देवानं पाय फक्त चालण्यासाठी दिलेत, यावर तिथं एकमत होतं. त्या वर्षी गणपतीत ग्रुप डान्स बसवायचं ठरलं, तेव्हा शिकवायला कुणीच सापडेना. शेवटी वाळूजला लेथवर काम करणारा, शेंद्र्याकडचा एक धनगराचा पोरगा मिळाला. तेच आमचे बन्सी मास्तर. वय असेल चोवीस. पहिली पाळी संपली की तो कंपनीच्या बसमधून उतरून थेट आमच्या हॉलवर येई. एकच सिनेमा अकरा वेळा पाहून तो नाच शिकला होता आणि हे तो पदवीसारखं सांगे.

आम्ही सोळा-सतरा वर्षांचे. चार मुलं, चार मुली. कॅसेट लागली की आम्ही पाय मोजून टाकायचो. मास्तर कपाळाला हात लावत. “अरे, नाचता का आरती करता? लाज घरी खुंटीला टांगून या!” फारच चिडले की दखनीवर येत. “क्या मियाँ, नाच रहे कि पंचनामा कर रहे?”

कॉलनीचे अध्यक्ष देशपांडेकाका. मुलामुलींनी एकमेकांचा हात धरणं त्यांना मंजूर नव्हतं. बराच खल करून त्यांनी तोडगा काढला: प्रत्येक जोडीनं एका रुमालाची दोन टोकं धरायची. रुमालही त्यांनीच आणले, पांढरेशुभ्र. आम्ही नाचत होतो की कपडे वाळत घालत होतो, हे पाहणाऱ्याला कळलं नसतं.

माझ्या जोडीला काकांचीच मुलगी होती, मंजिरी. एका दुपारी मास्तर कॅसेट उलटत होते, तेव्हा मी रुमाल खिशात टाकला आणि तिचा हात धरला. तिनं तो सोडवला नाही. गाणं सुरू झालं, आणि पहिल्यांदाच माझे पाय तालात पडले. नेमके तेव्हाच काका दारात उभे.

“हात धरायला कुणी सांगितलं?”

मंजिरीनं माझ्याकडं पाहिलं. मी वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती. मास्तरांनीही माझ्याकडं पाहिलं, मग म्हणाले, “म्या सांगितलं साहेब. रुमालानं ताल सुटतो.”

“बाबा, मास्तरांनी नाही...” मंजिरी म्हणाली. काकांनी तिला दंडाला धरून घरी नेलं. जाता जाता मास्तरांना म्हणाले, “मेंढरं वळा तिकडं. आमच्या मुली वळवू नका.” डान्स रद्द झाला. त्या जागी काकांनी स्वतः भावगीत म्हटलं. तालाची फारशी पर्वा न करता.

गेल्या वर्षी मंजिरीच्या मुलीचं लग्न झालं. संगीतासाठी पुण्याहून कोरिओग्राफर आणला होता. नव्वदीला टेकलेले देशपांडेकाका मंजिरीच्या विहीणबाईंचा हात हातात घेऊन स्टेजवर नाचले. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. जेवण मात्र गेलं नाही.

पुढच्या रविवारी शेंद्र्याला गेलो. मास्तर ओसरीवर बसले होते. कंपनीतून निवृत्त झालेले, गुडघ्याला पट्टा. ओळख पटायला वेळ लागला. मी एका दमात सांगून टाकलं, “मास्तर, त्या दिवशी हात मी धरला होता.”

“ठाऊक व्हतं की.”

“मग तुम्ही स्वतःवर का घेतलं?”

“लगेच कुठं घेतलं? थांबलो व्हतो जरा,” मास्तर शांतपणे म्हणाले. “म्हटलं, तू बोलशील.”

वहिनींनी चहा आणला. “साखर चालती ना तुला?” मास्तरांनी विचारलं. मला डायबेटीस आहे. मी नुसती होकाराची मान हलवली आणि कप तोंडाला लावला.