दोन चमचे पाणी

व्यंकटेश गेल्याची बातमी मला नळावर कळली. दर तिसऱ्या दिवशी येणारं पाणी भरायला आम्ही सगळे सकाळी रांगेत उभे होतो. त्याचा मेव्हणा सायकलवरून उतरला आणि एवढंच म्हणाला, "मास्तर, दाजी गेले." माझी घागर भरून वाहायला लागली... मागच्या बाईनं दंडाला धरून हलवलं तेव्हा मला ते दिसलं.

व्यंकटेश आमच्याच गल्लीतला, मिलमध्ये कामाला. सूत तुटू नये म्हणून मिलमध्ये हवा ओलसर ठेवतात. ती ओल राखणं हे त्याचं काम. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, आणि सुट्टीच्या दिवशी कुणाशीच न बोलता नुसती गिटार. रेल्वेतले एक गार्डसाहेब गाव सोडून निघाले तेव्हा ती त्यानं त्यांच्याकडून घेतली होती. "सूत आन् लाकूड एकच की मास्तर," तो म्हणायचा, "हवा सुकली की दोघंबी तुटायला बघतात." उन्हाळ्यात गिटारचं पोट आत बसायचं, तारा खाली येऊन खरखरायच्या. पावसाळ्यात तेच पोट फुगायचं, तारा इतक्या वर जायच्या की दाबताना बोटं दुखायची. म्हणून तारांखाली बसवायला त्यानं हाडाच्या दोन पट्ट्या स्वतः घासून केल्या होत्या. उन्हाळ्याची जरा उंच, पावसाळ्याची बुटकी.

यंदा फेब्रुवारीत त्याची छाती फारच बिघडली आणि त्याला दवाखान्यात ठेवलं. त्याचं घर पत्र्याचं, भट्टीसारखं तापणारं. म्हणून गिटार तिच्या पेटीसकट माझ्याकडे आली. पेटीत भोकं पाडलेली साबणाची डबी होती आणि डबीत स्पंज. "दोन दिवसाला दोन चमचे पाणी घाला. जास्त नको. पण इसरू नका," त्यानं बजावलं.

पहिले काही दिवस मी घातलं. पण साल दुष्काळाचं. बाहेर बायका हंड्यासाठी भांडत होत्या, आणि मी लाकडाला पाणी पाजत बसायचं? घरच्यांसमोर लाज वाटू लागली, मग टाळलं, मग खरंच विसरलो. एप्रिलमध्ये एका दुपारी बंद पेटीतून आवाज आला. टक्... एवढाच. उघडून पाहिलं तर पोटावर वीतभर चीर, नख आत जाईल एवढी.

दवाखान्यात गेलो की तो विचारायचा, "पाणी घालता नव्हं?" मी म्हणायचो, "घालतो की." एकदा म्हणाला, "एक डाव हितं आणा. वाजवत न्हाय, नुसती बघतो." मी म्हणालो, "बाहेर ऊन फार आहे, तिला बाधेल." तो इतका खूश झाला! "व्हय, बरोबर हाय. तुमाला बी कळायला लागलं की, मास्तर."

मे संपता संपता तो गेला. पुढं हवेत ओल आली, आणि जुलैत मी पेटी उघडली तर चीर दिसेना. बोट फिरवलं, नखाला लागेना. लाकडानं ओल पिऊन स्वतःला मिटवून घेतलं होतं. आणखी दीड महिना तो जगता, तर ही धड गिटार मी त्याच्या मांडीवर ठेवली असती... आणि माझं खोटं कुणालाच कळलं नसतं. हा विचार मनात आला त्या दिवसापासून बंद पेटीतून मला ते टक् पुन्हा पुन्हा ऐकू येतं. भरदुपारी, घरात माणसं असताना.

मागच्या आठवड्यात त्याची बायको सुगुणा लेकीला घेऊन गिटार न्यायला आली. झाकण उघडून म्हणाली, "अण्णा, लई जपलंत."

मला गप्प राहता आलं असतं. "वहिनी, ती फुटलेली आहे," मी म्हणालो. "आत्ता दिसत नाही, उन्हाळ्यात दिसेल. मी पाणी घातलं नाही. त्याच्याशी खोटं बोललो."

तिनं गिटारच्या पोटावरून बोट फिरवलं. मग झाकण लावून तिनं पेटी माझ्याकडं सरकवली.

"ऱ्हाऊ दे हितंच. उन्हाळ्यात चीर दिसली की बोलवा मला," ती म्हणाली. "त्यांनी बघितली न्हाय. मला बघायची हाय."

पेटी माझ्या खोलीत आहे. हवेत ओल आहे तोवर गिटार धडच दिसेल.