कुलूप तुमचंच आहे ना?

हॉस्पिटलच्या तळघरात, जिथं ऑपरेशनचे चिमटे-कात्र्या धुऊन, वाफेवर काढून, कापडात बांधून पुन्हा वर पाठवतात, तिथं मावशी कामाला होत्या. नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं, पण ते वाचायच्या फंदात कुणी पडत नसे. डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या मावशीच.

नवरा बस चालवायचा. एका दुपारी शेवटच्या थांब्यावर त्यानं बस नीट जागेवर लावली, हँडब्रेक ओढला, सगळे उतारू उतरू दिले आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ते परत उचललं नाही. "कुणाला साधं खरचटलंही नाही हो," असं डेपोतले लोक मावशींना पुन्हापुन्हा सांगत होते, जणू त्यात त्यांचा काही फायदा होता.

मावशी रडल्या नाहीत. नणंदेनं खांद्याला धरून हलवलं. "वहिनी, रडून घे. मोकळी हो." मावशी "हो" म्हणाल्या आणि रिकामे कप गोळा करायला लागल्या. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो, आपलाच असून बोट लावल्यावर दुसऱ्याचा वाटतो, तसं त्यांचं आत झालं होतं. दुखत काहीच नव्हतं. लोक बोलत ते ऐकू येई, उत्तरंही बरोबर जात. कामावर त्या लवकरच रुजू झाल्या आणि हत्यारांच्या बांधणीत एकदाही चूक झाली नाही. इन्चार्ज सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "फार धीराच्या आहात तुम्ही." मावशींना वाटलं, धीर म्हणजे हेच असेल तर ते काही फार कठीण काम नाही.

मग डेपोतून एकजण पिशवी घेऊन आला. नवऱ्याच्या लॉकरमधलं सामान होतं: स्वेटर, कंगवा, पाण्याची बाटली, चष्म्याची रिकामी डबी. आणि एक पितळी कुलूप, बंद. चावी सापडेना म्हणून त्यांनी लॉकरची कडीच कापली होती. कुलूप तसंच्या तसं राहिलं. मावशींनी घरातले सगळे जुडगे लावून पाहिले. मग ते त्यांनी ओट्यावर ठेवलं, भांडी घासायच्या घासणीशेजारी, आणि ते तिथंच राहिलं.

ते उघडून काय मिळणार होतं? काहीच नाही. ते कशालाच लावलेलं नव्हतं. पण रोज घासणी उचलताना हाताला लागायचं. एकदा कामावरच्या चहाच्या सुट्टीत मावशींनी फोनलाच बोलून विचारलं, चावी हरवलेलं कुलूप कसं उघडायचं, आणि फोननं त्यांना एका ग्रुपमध्ये नेऊन सोडलं. तिथं जमलेले लोक हौसेनं कुलपं विकत घेत, तारेनं उघडत, पुन्हा बंद करत, आणि पुन्हा उघडत. ह्यात त्यांना काय मिळत होतं देव जाणे. नाव टाका म्हटल्यावर मावशींनी 'दुपारपाळी' असं टाकलं, कारण तेव्हा त्यांची पाळी दुपारची होती.

त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला: "बंद कुलूप आहे, चावी नाही, कसं उघडू?"

ग्रुप चालवणारा स्वतःला 'पहारेकरी' म्हणवत असे. त्याचं उत्तर लगेच आलं, फक्त त्यांना दिसेल अशा वेगळ्या निरोपात. "नियम वाचले का? आपलं नसलेलं कुलूप उघडायचं नाही. दाराला, कपाटाला लावलेलं, वापरात असलेलं कुलूप उघडायचं नाही. कुलूप तुमचंच आहे ना?"

मावशींना साधा प्रश्न जड गेला. त्यांनी लिहिलं, "नवऱ्याचं आहे."

"मग त्यांना विचारलंत का?"

"ते नाहीत."

"आले की विचारा. मग बघू."

शेजारी वाफेचं यंत्र फुसफुसत होतं. मावशींनी लिहिलं, "ते येणार नाहीत."

उत्तर आलं, "मग ते तुमचंच आहे. पण त्यानं सुरुवात करू नका. आधी आरपार दिसणारं सरावाचं कुलूप घ्या. आत पिना कशा उचलल्या जातात ते डोळ्यांना दिसलं की हाताला कळतं."

असं सुरू झालं. आणि मावशींनी प्रश्न विचारले ते सुद्धा कसले! वाकडी तार कुठल्या बाजूनं घालायची? वर की खाली? एका हातानं ताण द्यायचा आणि दुसऱ्यानं पिना उचलायच्या, तर फोन कुठल्या हातात धरायचा? कुणी खोडी काढली, "भाऊ, फोन दातात धरा." पहारेकरी सोडला तर सगळ्यांना त्या पुरुषच वाटत होत्या आणि मावशींनी कुणाला दुरुस्त केलं नाही. 'गंजलेला' नावाचा एक जुना गडी प्रत्येक नव्या प्रश्नाखाली "आधी नियम वाचा" एवढंच लिहायचा. कुणी शुभ सकाळ म्हटलं तरी तेच. ताण किती द्यायचा हे मावशींना जमत नव्हतं, तेव्हा पहारेकऱ्यानं लिहिलं होतं, "टेन्शन घेऊ नका, टेन्शन द्या. तेही इतकंच, की वाटीतली साय फाटू नये." हे मात्र त्यांना पटलं. बारीक हत्यारं हाताळण्यात जन्म गेला होता. हात शिकले, भराभर शिकले.

पितळी कुलूप त्यांनी एका रविवारी सकाळी ओट्यापाशी उभ्याउभ्या उघडलं. आवाज झाला, कडी वर आली. मावशी वाट बघत राहिल्या. काहीतरी वाटेल, असं त्यांना कुठंतरी वाटलं होतं खरं. नळ ठिबकत होता. वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवली. मग त्यांनी कुलूप पिशवीत स्वेटरवर ठेवलं, पिशवी कपाटात टाकली आणि ओटा पुसून घेतला.

तरी ग्रुप सुटला नाही. उलट आता नव्या लोकांना त्याच उत्तरं देत. रोज कुणी ना कुणी यायचंच. हेअरपिन चालेल का? सिनेमात चुटकीसरशी उघडतं, माझं का नाही? तार आत मोडली, आता काय? एकदा उघडलं की नंतर चावी चालते का? जुने लोक वैतागत. मावशी वैतागत नसत, कारण वैतागायला आत काहीतरी हलावं लागतं. त्या त्याच प्रश्नाला तेच उत्तर पुन्हा सावकाश लिहीत. नवखे लोक म्हणत, "दुपारपाळीभाऊ देवमाणूस आहेत." मावशी ते वाचत आणि फोन उलटा ठेवून कात्र्या मोजायला घेत.

त्यातच 'पाहुणी' आली.

तिचा पहिला प्रश्न चारचौघांसारखा होता: मोठं कुलूप आणि छोटं कुलूप, उघडायला सोपं कुठलं? मावशींनी सांगितलं, आकारावर काही नसतं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कुलपाचं भोक दिसत नसेल तर तार घालता येते का? पहारेकऱ्यानं विचारलं, "दिसत नाही म्हणजे?" पुढच्या दिवशी भरदुपारी तिचा पुन्हा प्रश्न: दाराच्या फटीतून हात जात नाही, लांब तार चालेल का?

झालं. गंजलेल्यानं नियम वाचायला सांगितलं. आणखी कुणी लिहिलं, "चोरी करायची असेल तर दुसरीकडे शिक." पहारेकऱ्यानं तिचे प्रश्न काढून टाकले आणि खाली लिहिलं, "दाराला लावलेल्या कुलपाबद्दल इथं बोलणं नाही. विषय संपला."

मावशी कापडाच्या घड्या घालत होत्या. हात थांबला. त्यांनी पाहुणीला वेगळा निरोप टाकला. एकच प्रश्न.

"तू दाराच्या आत आहेस की बाहेर?"

"आत."

"कुणी बंद केलंय?"

"दादा, तुम्ही कोण आहात?"

"दादा नाही. मी बाई आहे. हॉस्पिटलात काम करते."

त्यानंतर मात्र धबधबा लागला. भाऊ आणि वहिनी सकाळी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावत. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, एकटीनं राहायचं होतं. ते घरात कुणाला मान्य नव्हतं. तिचा फोन काढून घेतला होता. कपाटात पडलेला जुना फोन ती चोरून वापरत होती. पोलिसांना कळवू का, असं मावशींनी विचारलं. नको, नको, आई गावी भावाच्याच पैशावर राहते, तिला त्रास होईल. शेजारी हाका मारल्या तर? शेजारी वहिनीच्या बाजूचे. "मला फक्त बाहेर पडायचंय. मामीला सांगितलंय, ती ठेवून घेते मला. पण तिला पायांमुळे इथवर येता येत नाही."

मावशी उठल्या. इन्चार्ज सिस्टरना म्हणाल्या, "जरा सुताराकडे जाऊन येते." त्यांना कुलूप उघडता येत होतं, पण दाराच्या पलीकडच्या बाजूचं कुलूप उघडायची अक्कल त्या ग्रुपमध्ये कुणालाच नव्हती, त्यांनाही नव्हती.

हॉस्पिटलचा सुतार जनरेटरच्या खोलीशेजारी बसायचा. एका स्टुलाचा पाय बसवत होता.

"दाराला बाहेरून कुलूप आहे आणि माणूस आत आहे. कसं निघायचं?"

"कोण अडकलं, मावशी?"

"आहे कुणीतरी."

त्यानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं. "दार आत उघडतं की बाहेर?"

मावशींनी विचारून सांगितलं, "आत."

"मग बिजागऱ्या आतच असणार. कुलपाचं काय करायचंय? बिजागरीची खीळ खालून ठोकून वर काढायची. आधी खालची, वरची सगळ्यात शेवटी. दार त्या बाजूनं निघतं. कुलूप बसतं लटकत." मग स्टुलाकडे वळत म्हणाला, "पायावर पडू देऊ नका म्हणावं. दार जड असतं."

जिन्यातच उभं राहून मावशींनी ते सगळं टाइप केलं. तरी मनात आलं, ही पोरगी खोटं बोलत असली तर? त्यांनी लिहिलं, "बिजागरीचा फोटो पाठव." फोटो आला. रंगाचे थर चढलेली बिजागरी, शेजारी खुंटीला टॉवेल आणि खाली घरातल्या सपाता. बाहेरच्या माणसाला हे दिसलंच नसतं.

"सुरीनं आधी रंग खरवड. जाड खिळा आहे का?"

"स्क्रू-ड्रायव्हर आहे. हातोडी नाही."

"खलबत्त्यातला बत्ता घे."

मग थांबत थांबत निरोप येत राहिले. खालची निघत नाही. खालची हलली. खालची निघाली. मधली निघाली. भीती वाटतेय. मावशींनी लिहिलं, "भीती वाटू दे. हात चालू ठेव." वरची खीळ काढायच्या आधी कागदपत्रं आणि कपडे पिशवीत भर, पायात बूट घाल, हेही त्यांनीच सांगितलं. नंतर काही आलं नाही. मावशी खाली गेल्या, राहिलेल्या घड्या घातल्या, यंत्राचं दार लावलं, बटण दाबलं. तोंडाला कोरड नाही, छातीत धडधड नाही. पोरगी निघाली किंवा नाही निघाली, दोन्ही त्यांना सारख्याच अंतरावर वाटत होतं. ह्याचं त्यांना स्वतःलाच थोडं नवल वाटलं, तेवढंच.

पाळी संपता संपता निरोप आला. "मामीकडे पोचले. दार भिंतीला टेकवून आले. तुमचं नाव काय?"

मावशींनी लिहिलं, "जेवलीस का?"

पहारेकऱ्याला कळलंच. पाहुणीनंच त्याला आभाराचा निरोप धाडला होता, भाबडेपणानं. त्यानं मावशींना लिहिलं, "दुपारपाळी, नियम मोडलात. वापरातलं कुलूप होतं."

"कुलपाला हात लावलेला नाही. बिजागरी होती."

त्यानं लिहिलं, "ती खोटं बोलत असती तर?"

"तर फसले असते."

"माझ्या अंगावर काटा आला वाचून. मी तिला हाकलून मोकळा झालो होतो." आणि थोड्या वेळानं, "तुम्हाला काही वाटलं नाही?"

"नाही," मावशींनी लिहिलं. तेव्हा ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर ट्रे उचलताना त्यांच्या हातून तो निसटला. चिमटे फरशीभर झाले. वाकून गोळा करायला गेल्या तर बोटं थरथरत होती, एकही चिमटा धरवेना. त्यांनी हात काखेत दाबून धरले, तरी थांबेनात. इन्चार्ज सिस्टर धावत आल्या. "बसा आधी. बसा म्हणते ना! काय होतंय?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "कालचं."

"काल काय झालं?"

मावशींनी सांगायला तोंड उघडलं, पण आधी कुठलं काल सांगावं तेच त्यांना ठरवता येईना. सिस्टरनी पाणी दिलं, स्वतः चिमटे गोळा केले, पुन्हा धुवायला टाकले. मावशी भिंतीला टेकून बसून राहिल्या. रडू येतंय का, हे त्यांनी आत डोकावून पाहिलं. नव्हतं येत. मात्र भुकेनं पोटात खड्डा पडला होता. कित्येक महिने त्या नुसतं घड्याळ बघून जेवत आल्या होत्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे काही खायला आहे का?"

सिस्टरनी आपला डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. थोडं सांडलं. मावशी खात राहिल्या.