दोन गोधड्यांखालचा साबण

आमच्या बचत गटासाठी साबणाचं पत्रक मीच लिहिलं. आपलं खोबरं बाहेर जातं आणि चकचकीत वेष्टनात साबण होऊन परत येतं, हे किती दिवस चालवून घ्यायचं, असं वरती ठळक. खाली कृती. शेवटची ओळ: साच्यात ओतल्यावर दोन गोधड्या घालून एक दिवस उबेत ठेवा, मधे उघडू नका. ही ओळ मी बर्फाच्या देशातल्या एका बाईच्या व्हिडिओवरून घेतली होती. इथे एप्रिल, कोकणातलं नागाव, वर पत्र्याची पडवी. एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं.

पहिला घाणा आत्याचा. वादळात तिची निम्मी वाडी आडवी झाली होती. उरलेल्या माडांचं वर्षभराचं तेल तिनं माझ्या शब्दावर पातेल्यात ओतलं. साबण जमला तर वाडी राखायची, नाही तर विकून टाकायची, असं तिनं ठरवलंच होतं.

माझ्या लहानपणच्या फ्रॉकांची गोधडी तिनं साच्यावर घातली, कडा नीट खोचल्या. जरा वेळानं आत हात घातला.

"अंग तापलंय गो याचं."

"तापायलाच हवं, आत्या."

"हात भाजतोय, बाय. दुसरी नको घालूया."

"पत्रकात लिहिलंय तसं कर."

तिनं केलं.

एक दिवस झाल्यावर, संध्याकाळी गटातल्या बायका बघायला आल्या. गोधड्या काढल्या तर साबण मधोमध फुगून चिरलेला आणि भेगेतलं तेल फ्रॉकांना लागलेलं. नुसत्या खोबरेल तेलाचा साबण आपला आपणच तापतो, त्याला आणखी ऊब नको असते, हे मला तेव्हा कळलं.

"माझंच चुकलं," आत्या बायकांना म्हणाली. "मीच जास्ती गुंडाळला."

जबाबदार कोण, असं मी प्रत्येक पत्रकात विचारते. त्या वेळी मात्र मी आधी फ्रॉकांवरचं तेल पुसायला घेतलं. ते मला अजून लागतं.

"तिचं नाही. ती नको म्हणत होती. ती ओळ मी न तपासता छापली."

शेजारची काकू म्हणाली, "म्हंजे आमच्या गोधड्या पेटीत परत ठेवू ना?" सगळ्या हसल्या. आत्या सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी आम्ही साबण किसला, थोडं पाणी घालून मंद आचेवर ढवळत पुन्हा शिजवला. या वेळी साचा वाऱ्याला ठेवला, वर काहीच घातलं नाही.

काही आठवड्यांनी वाडी बघायला माणूस आला. आत्यानं त्याला हात धुवायला त्याच साबणाची वडी दिली. खडबडीत, रंगानं मळकट, पण फेस कोपरापर्यंत आला.

"कुठला हो हा?"

"वाडीतलाच," आत्या म्हणाली. "वाडी न्हाय द्यायची आता. साबण हवा तर सांगा."