लातूरची एस.टी. आणि हॉलंडचे गोरेसाहेब

आमच्या अख्ख्या मराठवाड्यात एस.टी. खऱ्या अर्थानं कळलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो हॉलंडचा होता. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. लातूरला कलेक्टर नवे, कचेऱ्या नव्या, पाट्यांचा रंगसुद्धा ओला. जुना होता तो फक्त दुष्काळ. जमिनीखाली पाणी कुठे लागेल हे सांगायला सरकारनं एक परदेशी भूगर्भतज्ज्ञ मागवला. ज्या देशात पाणी इतकं, की माणसं पिढ्यान् पिढ्या ते उपसूनच बाहेर टाकतात, तिथला माणूस आमच्याकडे पाणी शोधायला आला. त्यांचं नाव उच्चारायला गेलं की आमच्या वरिष्ठांची कवळी हलायची. तेव्हा पहिल्याच आठवड्यात लोकांनी रंगावरून त्यांचे ‘गोरेसाहेब’ करून टाकले. एका तलाठ्यानं मला बाजूला घेऊन विचारलंही, “हे गोरे म्हणजे परभणीकडचे का?”

मला भूजल खात्यात नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. साहेबांना भाषा येत नाही म्हणून मला त्यांच्या सोबतीला दिलं. कचेरीची जीप एकच, आणि ती कायम कुण्या ना कुण्या पाहुण्याच्या दौऱ्यावर. साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी बाजारातून एक काळी, उंच, घोड्यासारखी सायकल घेतली, ती एस.टी.च्या टपावर चढवली आणि म्हणाले, “चला!” फाट्यापर्यंत एस.टी., फाट्यावरून गावापर्यंत सायकल. मागच्या कॅरियरवर मी. बाभळीच्या काट्यानं चाक बसलं की साहेब भर उन्हात रस्त्यावर मांडी घालून पंक्चर काढत आणि शिट्टी वाजवत. मी सावली शोधत असे.

सुरुवातीला ते फार सज्जन होते. लातूरच्या स्टँडवर गाडी लागली की ते एकटेच रांग करून उभे राहत. त्यांच्या दोन्ही बाजूंनी माणसं, गाठोडी, कोंबड्या आत जात, कुणी खिडकीतून पोर आत सोडी, गाडी भरे आणि निघून जाई. साहेब आपल्या रांगेत पहिल्या नंबरावर तसेच. अशा तीन गाड्या गेल्यावर एक म्हातारा कळवळून म्हणाला, “सायब, कुणाची वाट बघून राहिलात?” महिन्याभरात मात्र ते असे तयार झाले, की चालत्या गाडीच्या खिडकीतून उपरणं टाकून दोन जागा धरायचे आणि मग मला हाक मारायचे. होय, उपरणंही घेतलं होतं.

त्यांचं मराठी हा आणखी वेगळा प्रकार. मी शिकवलेलं एकही वाक्य त्यांनी कधी वापरलं नाही. ते सगळं मराठी कंडक्टरांकडून शिकले. त्यामुळे समोर कुणीही आलं की नमस्काराऐवजी ते प्रेमानं विचारत, “कुठं जायचं?” चाकूरकडच्या एका गावात लिंबाखाली बसलेल्या आजोबांना त्यांनी हे विचारलं. आजोबा म्हणाले, “आता वरच जायचं, बाबा. दुसरं कुठं?” साहेबांनी आपुलकीनं मान हलवली आणि सांगितलं, “जागा हाय. बसून घ्या.” लग्नाच्या पंगतीत जाऊन ते “पुढं सरका, तिघं बसा” म्हणत. कलेक्टरांची बैठक संपली तेव्हा सगळे अदबीनं उठत असताना ह्यांचा खणखणीत आवाज आला, “चला, उतरून घ्या, गाडी खाली करा!” कलेक्टर तरुण होते, हसले. आमच्या वरिष्ठांना मात्र घाम फुटला.

पाणी त्यांना दर वेळी लागायचं असं मुळीच नाही. कितीतरी ठिकाणी नुसती धूळ वर आली. पण जिथे नाही तिथे ते गावकऱ्यांना तोंडावर सांगत, “इथं न्हाई,” आणि नंतर फाट्यापर्यंत सायकल हातात धरून चालत येत.

एका रविवारी ते हट्टानं माझ्याबरोबर मुखेडला आमच्या घरी आले. आमची वस्ती गावाच्या कडेला; सगळी वस्ती दारात गोळा झाली. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ते जरा वेळ उभे राहिले, मग आईच्या समोर भुईवर बसून ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि “जागा हाय, जागा हाय” म्हणून आणखी भाकरी मागत होते. आईनं विचारलं, “माय हाय का रं तुला?”

“हाय,” साहेब म्हणाले.

“अन् तिला टाकून हितं काय करून राहिलास?”

मी घाईनं विषय बदलायला गेलो, पण त्यांना प्रश्न कळला होता. परतीच्या गाडीत त्यांनी मला आईविषयी पहिल्यांदा सांगितलं. ती एकटी राहायची, आणि त्यांच्यापेक्षा जोरात सायकल चालवायची.

पुढच्याच महिन्यात कचेरीत मुंबईच्या डच वकिलातीतून ट्रंक कॉल आला. साहेबांची आई अत्यवस्थ होती. विमानाचं तिकीट काढलेलं होतं. नांदेडहून संध्याकाळची रेल्वे धरली तरच विमान मिळणार होतं. आणि साहेब सकाळीच एकटे शिरूर अनंतपाळच्या बाजूला कुठेतरी सायकल घेऊन गेलेले. जीप अर्थातच दौऱ्यावर. मी स्टँडवर धावलो आणि त्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येक कंडक्टरला सांगितलं. कुणी जास्त काही विचारलं नाही. समोरून येणाऱ्या गाड्या थांबवून एकमेकांना निरोप देत देत त्यांनी साहेबांना एका शेतातून शोधून काढलं आणि दुपारी माझ्यापुढं आणून उतरवलं. मी बातमी सांगितली. साहेबांनी सायकल तशीच टपावर सोडली.

नांदेडची गाडी उभीच होती. ती नेहमी झाडागणिक थांबणारी. कंडक्टरनं पान थुंकून सगळ्यांना ऐकवलं, “आज अहमदपूरशिवाय गाडी थांबणार न्हाई. मधी उतरणाऱ्यांनी मागच्या गाडीनं या.”

लोह्याचा एक फेटेवाला भडकला. “असं कसं? माझं तिकीट लोह्याचं हाय! लोहा काय वाटंतून उठून गेलं का?”

“ह्यांची माय आजारी हाय. रेल्वे धरायची हाय.”

फेटेवाल्यानं वळून साहेबांकडे पाहिलं. “मग बोलत काय बसलाव? दाबा की गाडी!”

गाडी दाबली. साहेब माझ्या शेजारी खिडकीशी बसून होते, उपरणं मुठीत धरून. लोहा आलं, ड्रायव्हरनं तरीही वेग कमी केला, पण फेटेवाला उठला नाही. “चला, चला. येतो की मी नांदेडहून माघारी.” गाडी स्टँडवर न जाता सरळ रेल्वे स्टेशनच्या दारात उभी राहिली आणि निम्मे प्रवासी साहेबांच्या मागे फलाटावर धावले. रेल्वे उभी होती. डब्याच्या दारात उभं राहून साहेब काहीतरी बोलू बघत होते, पण त्यांच्या मराठीत निरोपाचा शब्दच नव्हता. कंडक्टर कुणाचा निरोप घेत नाहीत. त्यांनी फेटेवाल्याचा हात धरला तो सोडेनात. रेल्वे हलली तेव्हा आमचा कंडक्टरच ओरडला, “साहेब, आत व्हा! दारात थांबू नका!”

तीन-चार आठवड्यांनी मुंबईच्या वकिलातीतून पुन्हा फोन आला. ते पोचले तेव्हा आईनं त्यांना ओळखलं होतं. काही दिवस दोघं बोलत होते. मग ती गेली. साहेब आता येणार नव्हते, त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमल्याचंही त्याच फोनवर सांगितलं. मी लातूरच्या स्टँडवर एका कंडक्टरला भेट झाल्याचं तेवढं सांगितलं.

दोनच दिवसांनी कामासाठी उदगीरला उतरलो, तर स्टँडवरचा चहावाला कप पुढं करत म्हणाला, “भेट झाली म्हणं मायलेकाची?”

“झाली.”

“लई बरं झालं. मग परत कधी येऊन राहिले?”

मला खरं सांगवेना. “येतील,” म्हणालो.

“हाव, येतील की,” तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. “रस्ता माहीत हाय त्यांना.”