कपाटातली फुंकणी

बापाच्या तळहातात देवाने औषध ठेवलेले असते. हे सत्य मी अनुभवलेले नाही. शहाद्याच्या एका मंगल कार्यालयात, समाजाच्या मेळाव्यात, माइकवरून ऐकलेले आहे. ज्याच्या तळहाताबद्दल हे चालले होते तो माझा धाकटा भाऊ व्यासपीठावर शाल पांघरून घामाघूम बसला होता. त्याची मुलगी पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसून खोकला गिळत होती, कारण तिची पाठ थापटायची वेळ भाषणांत निघून चालली होती.

पुतणीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. लहानपणी सारखा न्यूमोनिया व्हायचा आणि घाम वाळला की कपाळावर मिठाची पांढरी रेघ उमटायची. सुरतेच्या डॉक्टरांनी घाम तपासून आजाराचे नाव सांगितले. यात छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, आपण होऊन बाहेर पडत नाही. तो रोज सकाळ-संध्याकाळ काढावा लागतो. राहिला तर आत जंतू घर करतात आणि फुप्फुसाचा तेवढा भाग कामातून जातो. त्यासाठी मुलाला उतारावर निजवायचे आणि हाताचा खोलगा करून पाठीवर, बरगड्यांवर थापटत राहायचे.

प्रकाशाजवळ तापीकाठी आमची केळीची बाग आहे. शेतात ट्रक भरायला उभा असला तरी थापटायच्या वेळी भाऊ घरी यायचा. त्या पोकळ आवाजावरून गल्लीतल्या बायका संध्याकाळच्या चहाचे आधण ठेवत.

मुलगी सातवीत गेली तेव्हा सुरतेच्या फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी तिला स्वतःचा कफ स्वतः काढायला शिकवले. आरसा पुसण्याआधी त्यावर वाफ सोडतो तसा, तोंड उघडे ठेवून श्वास जोरात बाहेर टाकायचा. शिवाय चिलमीच्या आकाराचे प्लास्टिकचे एक यंत्र दिले. आत पोलादी गोळी. फुंकले की गोळी नाचते, छातीतली हवा थरथरते आणि कफ सुटतो.

"आता हिला याची सवय होऊ द्या," बाई म्हणाल्या. "उद्या ही शिकायला बाहेरगावी जाईल. तुमचे हात काही बरोबर जाणार नाहीत."

भावाने मान डोलावली आणि घरी आल्यावर यंत्र खोक्यासकट लोखंडी कपाटात, चांदीच्या ताटाशेजारी ठेवून दिले. आमच्याकडे भारी वस्तू वापरत नाहीत, सांभाळतात. सोफ्यावरचे प्लास्टिक सोफा मोडल्यावरच निघते. घरात यंत्राला फुंकणी हे नाव पडले आणि पाहुणे आले की लग्नातला शालू दाखवावा तशी ती बाहेर निघू लागली.

"यामा सेल लागतस का?" एका पाहुण्याने खोक्यात डोकावून विचारले.

"नही. दमवर चालस," भाऊ म्हणाला आणि खोके मिटले.

मुलीने कधी मागितलीच तर म्हणायचा, "मन्हा हात शेत ना. तुले फुंकणी कसाले जोयजे?" त्याचे हात असताना फुंकणी कशाला हवी, या म्हणण्यात प्रेम होते, आणि प्रेमाशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नाही.

त्या मेळाव्यात तिसरे भाषण सुरू झाल्यावर ती माझ्याकडे झुकली. मी शाळामास्तर होतो म्हणून माझ्याशी ती मुद्दाम पुस्तकी मराठीत बोलते.

"काका, मला दोन शब्द बोलायला मिळतील का?"

"काय बोलणार?"

"बोलणार काही नाही. खोकेन. पप्पांच्या कार्याचा पुरावाच होईल."

बारावीनंतर तिला नाशिकला फार्मसीला प्रवेश मिळाला. तेव्हा फुंकणी कपाटातून निघून बॅगेत गेली, खोक्यासकट. वसतिगृहात एका खोलीत चौघी. खोकून थुंकणाऱ्या मुलीला लोक काय समजतात, हे तिला लहानपणापासून माहीत होते. ती न्हाणीघरात नळ सोडून फुंकायची. पुढे बाहेर बादल्यांची रांग लागायची म्हणून तेही राहू लागले. सातवीपासूनच अंगवळणी पडले असते तर तिने चौघींसमोर दात घासावेत तसे ते उरकले असते. भाऊ रोज फोनवर विचारायचा, "जेवनी का?" ती हो म्हणायची, आणि ते खरे असायचे.

दिवाळीच्या आधी ताप घेऊन ती परत आली. सुरतेला संसर्ग आटोक्यात आला, पण गेलेला सगळा दम परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. वॉर्डात भाऊ सवयीने हाताचा खोलगा करून पुढे झाला, तेव्हा फिजिओथेरपीच्या त्याच बाईंनी त्याचा हात धरून हळूच बाजूला केला.

"तिचं तिला करू द्या," त्या म्हणाल्या. भाऊ बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

नाशिक सुटले. आता ती घरूनच बी.ए. करते. सकाळ-संध्याकाळ खोलीचे दार लावून घेते. गोळीचा खडखडाट होतो, मग श्वास टाकल्याचा आवाज. भाऊ ओट्यावर बसून ऐकतो. काही वेळाने विचारतो, "निंघना का?" आतून उत्तर येते, "निंघना." कफ निघाला का, निघाला, एवढेच बोलणे होते. ती फुंकणी कपाटाबाहेर राहिली असती तर पोरगी आज कुठे असती, हा विषय घरात कोणी काढत नाही.

फुप्फुसाच्या खालच्या भागातला कफ उतरावा म्हणून खाटेचे पायथ्याकडचे पाय उंच करावे लागतात. एका पायाखाली वीट आहे. दुसरी वीट फुटली तेव्हा तिने बैठकीतून मेळाव्यात भावाला मिळालेले सागवानी सन्मानचिन्ह आणून तिथे लावायला घेतले. भावाने पाहिले आणि खाट दुसऱ्या बाजूने उचलून धरली. सन्मानचिन्ह विटेपेक्षा थोडे बुटके आहे. त्यामुळे त्याखाली फुंकणीच्या खोक्याचा पुठ्ठा घालावा लागतो.