निळ्या स्क्रीनवर मी चुकीचं बटण दाबत होतो

माझ्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाचं टेबल मी स्वतः बनवलं. निमोण्यातल्या अकरा विहिरींच्या मोटारींचे ऑटो स्टार्टर मी बांधले. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्सही कुठला क्लास न लावता शिकलो आणि शिरूरमधल्या चाळीसेक लॅपटॉपवर बसवलं.

मित्रांनो, आज एका लॅपटॉपनं माझं तोंड बंद केलं.

लॅपटॉप रांजणगावच्या कंपनीतल्या संदीपचा, दोन ग्राफिक्स कार्डांचा. लिनक्स बसलं, पण मोठं कार्ड चालूच होईना. बाहेरचा मॉनिटर काळाच. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर, तो तीन दिवसांत सहा वेळा काढून पुन्हा टाकला. शेवटी संदीप तो दौंडला दिलीपकडे घेऊन गेला. दिलीप माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला. फक्त त्याच्या भिंतीवर कोर्सचं सर्टिफिकेट आहे.

दुपारी त्याचा फोन आला. "शेठ, ड्रायव्हर बरोबरच टाकलाय तुम्ही. पण रिस्टार्टनंतर निळी स्क्रीन येती, तिथं पासवर्ड टाकून ड्रायव्हरला परवानगी द्यावी लागती. ती दिलीच न्हाई."

ती स्क्रीन मी सहाही वेळा पाहिली होती. न वाचताच 'पुढे चला' दाबलं होतं. लोकांना स्क्रू मोजून परत देणारा माणूस मी.

"किती वेळ लागला?"

"चहा गार व्हायच्या आत झालं."

जळालो. खोटं कशाला लिहू? संदीपनं दिलीपचं कौतुक स्टेटसला टाकलंय, तेही तीनदा उघडून पाहिलं.

मग दिलीप म्हणाला, "एकटं कशाला मरताय? माझ्याकडं कामाला या की." आवाजात टोमणा नव्हता, तेच जास्त लागलं.

तुम्ही गेला असता का? मी नाही म्हणालो. महिना अठ्ठावीस हजार देत होता.