गुलछडीचे कांदे

कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या घरापुढे जेमतेम दोन खाटा मावतील एवढी माती होती. मातीही कसली, खाडीत भराव टाकून केलेली. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरं मीठ फुटायचं. शेजाऱ्यांनी शहाणपणा करून तिथे फरशी घातली. माझे वडील मात्र हट्टाला पेटले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. ते मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या पाठीवरून वाहायचे. येताना सडका पाला आणि कांद्याची सालं घेऊन यायचे आणि त्या खारट जमिनीत पुरायचे. गल्लीभर वास सुटायचा. शेजारणी नाकाला पदर लावून जायच्या आणि आई घरात बसून आबांच्या नावाने खडे फोडायची. पण माती हळूहळू काळी झाली, आणि मग आबांनी साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून गुलछडीचे कांदे आणून लावले. गुलछडीलाच निशिगंध म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

आबांचं तंत्र साधं होतं. होळी झाली की ते सगळे कांदे उकरायचे, गोणपाटावर सावलीत वाळवायचे आणि मार्केटात खायचा कांदा निवडतात तसे निवडायचे. मोठा एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे. हे कांदे जमिनीत तसेच राहिले तर एकाला दहा पिल्लं फुटतात, ती एकमेकांना रेटतात, पात माजते आणि फुलाचा दांडा येत नाही. सुटे करून पुन्हा लावले की भाद्रपदात फुलं हजर. दर वर्षी गौरीपुढे घरची गुलछडी असायची आणि आईला त्याचा भारी तोरा होता.

एका दिवाळीनंतर आबांचं उजवं अंग गेलं. सकाळी मोरीत पाय धुवायला गेले आणि तिथेच कोसळले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जीभ जड झाली होती, पण बोलणं कळायचं. खाट खिडकीशी लावली. खिडकीतून त्यांना त्यांची माती दिसायची.

होळी झाली तशी मी खुरपं शोधायला लागले. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी उठलो की काढतो."

उठलो की. हे शब्द आमच्या घराने देव्हाऱ्यात बसवले. उठलो की गावाला जायचं, उठलो की छपराचा पत्रा बदलायचा. बघायला येणारे पाहुणे चहा पिता पिता सांगायचे, "काय होत न्हाय, चार म्हैन्यात पळायला लागताय बघा." त्यातल्या एकालाही आबांना कुशीवर वळवावं लागत नव्हतं. मला त्या लोकांचा मनापासून राग यायचा. आई मात्र त्यांचा शब्द न शब्द साठवून ठेवायची. कुणी सांगितलं म्हणून तिने कबुतराच्या रक्ताने मालिश केली. घरात तो उग्र वास, आबांचा वाळत चाललेला पाय आणि त्या पायावर रोज घाम गाळणारी आई. तिचा विश्वास बघून मला भीती वाटायची.

त्या पावसात दोनचार दांडे आले, तेही बारके. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी न विचारता खणायला बसले. दुपारची वेळ, आबांचा डोळा लागला होता. आई आतून धावत आली आणि तिने माझं मनगट धरलं.

"काय करतीस?"

"कांदे काढते. नाहीतर औंदा एक फूल यायचं नाही."

"नको येऊ दे. जागं होऊन बघितलं म्हंजे? त्यांचं काम तू कराय लागलीस म्हंजे त्यांनी काय समजायचं?"

ती कुजबुजत होती, पण तिचा चेहरा किंचाळत होता. मला तेव्हा लख्ख कळलं की कांदे उकरणं म्हणजे आबा आता उठणार नाहीत असं त्यांच्या तोंडावर सांगणं. मी खुरपं ठेवलं. आम्हा दोघींपैकी कुणाचीच ते सांगायची हिंमत नव्हती.

पाऊस लागला. पात अशी माजली की खालची माती दिसेना. आबा रोज सकाळी विचारायचे, "दांडा आला का गं?" आई पदराने हात पुसत म्हणायची, "येतोय की. घाई काय हाय?" भाद्रपद उजाडला तरी दांड्याचा पत्ता नव्हता. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी आई वाशीला जाऊन आली. काय आणलं ते तिने मला दाखवलं नाही.

सकाळी पाहते तर पातीच्या मधोमध गुलछडीचा एक दांडा ताठ उभा. खालची फुलं उमललेली, वर कळ्या.

"अवो, बघितलं का? आली बघा तुमची गुलछडी!" आई खिडकीशी उभी राहून सांगत होती. तिच्या आवाजात इतका आनंद होता की क्षणभर मलाही खरं वाटलं.

आबा बघत राहिले. ज्या माणसाने त्या झाडांचा कांदा न् कांदा हाताळला, त्याला का कळणार नव्हतं? दांडा वर यायला किती दिवस लागतात, मग कळी कधी धरते, सगळं त्यांना पाठ होतं. ते एवढंच म्हणाले, "आली की. झ्याक आली."

दुपारच्या उन्हात दांड्याने मान टाकली. आई गौरीच्या तयारीत गुंतली होती. आबांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"कुठनं आनला तिनं?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. "वाशीहून," मी म्हटलं.

ते हसले. हसू अर्ध्याच तोंडावर आलं. मग डाव्या हाताने त्यांनी डोळे झाकून घेतले. मी तिथेच उभी होते. 

"होळी झाली की काढ ते कांदे," ते शेवटी म्हणाले. "माज्यानं आता व्हायचं न्हाय. तिला मी सांगतो."

कधी सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. गौरी गेल्यावर मालिशीची बाटली मोरीच्या फळीवरून नाहीशी झाली. 'उठलो की' हे शब्द घरातून गेले आणि घर एकदम गप्प झालं. आई सगळं करायची, भरवायची, पुसायची, पण आबांशी कामापुरतं बोलायची. मला वाटत होतं, खरं बोललं गेल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

होळीनंतर मी खणलं. आबांची खाट दाराशी ओढली होती. मातीतून कांद्यांचे गड्डे निघाले, एकाला एक चिकटलेले, काही दाबून चपटे झालेले. मी ते गोणपाटावर पसरले आणि आबा डाव्या हाताच्या बोटाने दाखवत गेले. "हा ठेव. ही गोल्टी बाजूला. तो जुना टाक, एकदा फुललेला परत फुलत न्हाय." हे ते मार्केटातल्या आवाजात म्हणाले, अगदी सरळ. उंबऱ्यावर बसलेली आई उठून आत गेली.

निवडलेले कांदे वाळवून मी चैत्र संपता संपता लावले. त्या भाद्रपदात गुलछडी अशी फुलली की गल्लीतली माणसं थांबून बघायची. संध्याकाळी वास घरभर यायचा, तुर्भ्याच्या कारखान्यांचा वास झाकून टाकायचा. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

गौरीच्या दिवशी आबांनी आईला हाक मारली. "अगं, दोन दांडे आन की आत. गौरीपुढं ठेव."

आई गौरीच्या साडीच्या निऱ्या बसवत होती. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

"तुमी उठा," ती म्हणाली, "आनि तुमीच आना."

 मी उठले, तर आबांनी डावा हात वर करून मला थांबवलं. त्या वर्षी आमच्या गौरीपुढे गुलछडी नव्हती. बाहेर ती दांड्यावरच वाळली, आणि आबा खिडकीतून ते बघत राहिले.